महिपतच्या घरची पत्रिका

पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे एका अरुंद गल्लीत महिपतचा छापखाना होता. बोर्डावर नाव 'आवडी मुद्रणालय'. आवडी म्हणजे महिपतची बायको. नाव देताना महिपतला वाटलं होतं, बायको खूश होईल. ती बोर्डाखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "नाव माजं, आनि आत मला टेकायला खुर्ची पन नाय." तिचं म्हणणं खरं होतं. आत कागदांचे गठ्ठे, शाईचे डबे, वाळत घातलेल्या पत्रिकांच्या दोऱ्या आणि त्यातून अंग चोरून आडवा चालणारा महिपत, एवढ्यांनाच जागा होती.

महिपत मूळचा जवळच्याच कापडे गावचा. घरची भातशेती होती, पण भाऊ बरेच आणि खाचरं थोडी. चुलत्याने त्याला मिसरूड फुटायच्या आत महाडच्या एका छापखान्यात चिकटवून दिलं. तिथे तो शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकला. खिळे उलटे वाचावे लागतात. त्या सवयीने त्याच्या डोळ्यांना असं वळण लागलं की हॉटेलात समोर बसलेल्या माणसाचा पेपर तो टेबलापलीकडून उलटा वाचायचा आणि त्या माणसाआधी बातमी सांगून मोकळा व्हायचा. लोक वैतागायचे, मग पेपरच त्याच्याकडे सरकवायचे.

पुढे पोलादपुरात त्याने स्वतःचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन टाकलं. तेव्हापासून तालुक्यातलं एकही लग्न आपल्या हातून सुटलं नाही, असं तो सांगायचा. थोडं फुगवून सांगत असेल, पण बरंच खरं होतं. आणि तो नुसता छापून देणारा नव्हता. पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून भावकीत किती दिवस बोलणं बंद होतं ते त्याला ठाऊक होतं. सगळ्या वाड्यांचे सगळे रुसवे तोंडपाठ. मजकूर हातात आला की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, "आनि आत्याचा मुंबईवाला जावई कुटं गेला? मागल्या टायमाला त्याचं नाव खाली घातलंव, तवा तो हळदीतनंच परत फिरला. इसरलाव?" लोक मुकाट्याने नाव वर घ्यायचे.

मग दिवस पालटले. महाडला चकचकीत पत्रिका मिळायला लागल्या आणि खिळ्यांच्या छपाईला कोणी विचारेना. महिपतने ट्रेडल विकलं. खिळे भंगारात गेले. त्या दिवशी तो जेवला नाही. फक्त वेलबुट्टीचा एक संच त्याने बाजूला काढून ठेवला. चारी कोपऱ्यांना मोगऱ्याच्या कळ्या आणि त्यांना जोडत जाणारी बारीक पानं. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्याने याच वेलबुट्टीत जुळवली होती, महाडच्या छापखान्यात, मालक जेवायला गेल्यावर.

ट्रेडलच्या जागी कॉम्प्युटर आला. तोही नवा नव्हे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्याने ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक नौमानने त्याला आणून दिला. नौमान महाडचा. काही वर्षं दुबईला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम करून परत आलेला. मोटरसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून महाड ते पोलादपूर कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा. दुबई सोडून आला होता, पण दुबई त्याच्या जिभेवरून उतरली नव्हती. कॉम्प्युटर बसवल्या दिवशीच त्याने बजावलं, "काका, एक लक्षात ठेवा. याच्या आत कुणी हात घालायचा नाही. दुबईला असतं ना, तर सील करून दिला असता."

कॉम्प्युटरवर बसायची निशिगंधा, महिपतची मुलगी. ती महाडला जाऊन टायपिंगचा आणि डिझाइनचा कोर्स करून आली होती. ती टाइप करायची आणि महिपत तिच्या खांद्यावरून वाकून सूचना द्यायचा. "बाबा, मागे व्हा. तुमच्या शाईच्या वासाने माझं डोकं चढतं," असं ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. तयार मजकुराची प्रिंट ट्रेसिंग पेपरवर निघायची. मग महिपतची पाळी. औषध लावलेल्या जाळीवर तो ट्रेसिंग ठेवायचा, जाळी उन्हात धरायचा, ऊन लागलं की पाण्याने धुवायचा. अक्षरं तेवढी जाळीत मोकळी व्हायची आणि त्यातून शाई ओढून पत्रिका छापायच्या. दुसरे लोक त्यासाठी ट्यूबलाइटची पेटी वापरत. महिपतचा भरवसा सूर्यावर.

आता एक गोष्ट महिपतने नौमानला कधी सांगितली नव्हती. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, ही छापखान्याची जुनी रीत. ट्रेडलच्या चाकाला हळदकुंकू लावायचं, खिळ्यांच्या खणांवर अक्षता टाकायच्या. शिशाला अक्षतांचं काय होतंय? कॉम्प्युटर आल्यावर पहिल्याच दसऱ्याला निशिगंधा डब्यावर, म्हणजे बाहेरच्या पत्र्यावर, अक्षता टाकायला गेली, तर महिपतने तिचा हात धरला. "पेटीची पूजा कसली करतंस गो? काम करतंय ते आत हाय. देवाला सोडून देव्हाऱ्याला कुंकू लावतंस व्हय?" उन्हाळ्यात यंत्र तापतं म्हणून डब्याची एक बाजू एरवीही उघडीच असायची आणि समोर टेबलफॅन. तेव्हा महिपतने आत हात घालून लोखंडाला कुंकवाचं बोट लावलं आणि निशिगंधाने चिमूटभर अक्षता आत टाकल्या. कॉम्प्युटर वर्षभर बिनबोभाट चालला. महिपतने त्याचं श्रेय पूजेला दिलं, आणि मग दर दसऱ्याला तेच.

त्या वर्षी निशिगंधाचं लग्न ठरलं. मुलगा जितेश, पाचाडचा, वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्टला जाणारा. शांत, मान खाली घालून हसणारा. महिपतला तो पसंत पडला, कारण त्याने बघायला आल्यावर जुन्या पत्रिकांची चळत उचलून एकेक नीट वाचली होती.

लग्न शिमग्यानंतर. पण पत्रिका शिमग्याआधी हवी. शिमग्याला सगळे मुंबईकर कापड्याला येतात. देवाची पालखी घराघरात फिरते. महिपतच्या तिथल्या घरी पालखी येईल तेव्हा पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, मग अंगणात जमलेल्या भावकीला हातोहात द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. एकदा ही मंडळी मुंबईच्या गाड्यांत बसली की संपलं. मग कुठे एकेकाच्या खोलीचा जिना चढत बसणार? आणि हातात न दिलेली पत्रिका कापड्याची भावकी मोजतच नाही.

"तर मग महाडला दे नं छापायला," आवडी म्हणाली.

महिपतने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा कधी तो विषय काढणार नव्हती. सगळ्या तालुक्याच्या मुली याच्या शाईने नांदायला गेल्या, आणि स्वतःच्या मुलीची पत्रिका दुसऱ्याच्या छापखान्यातून आणायची? त्यापेक्षा बोर्ड उतरवलेला बरा. आणि पत्रिकेला वेलबुट्टी तीच, मोगऱ्याची. त्याने शिशाच्या संचाला शाई लावून गुळगुळीत कागदावर छाप उठवला, निशिगंधाने तो स्कॅनरखाली घातला. पानाची शीर न् शीर दिसली पाहिजे, असा बापाचा हट्ट. म्हणून तिने चित्र मोठं, अगदी बारकाव्यानिशी घेतलं.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. एक कोपरा बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा लावला की पडद्यावर ते वाळूचं घड्याळ यायचं आणि सगळं ठप्प. निशिगंधाने पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा चौथ्या कोपऱ्याला घड्याळ.

"मेमरी कमी पडते," नौमानने बघून सांगितलं. "हे बघा काका, तुमचं टेबल लहान असलं तर मोठा कागद पसरता येतो का? इकडून ठेवला की तिकडून लोंबतो. मेमरी म्हणजे ते टेबल. आत चौसष्ट एमबीची एक पट्टी आहे. शेजारी अजून एक स्लॉट रिकामा आहे, त्यात तशीच दुसरी टाकू. टेबल दुप्पट."

"पन आत एवडं कपाट भरून पत्रिका हायती की, त्या कुटं मावल्या?"

"ते कपाट वेगळं, टेबल वेगळं. कपाटात ठेवायचं, टेबलावर काम करायचं."

महिपतला हे चटकन पटलं. असं कोणी आधी सांगितलं असतं तर तो कॉम्प्युटरशी इतके दिवस परक्यासारखा वागला नसता.

पण एवढ्या जुन्या यंत्राची पट्टी बाजारात मिळेना. नवी, मोठी पट्टी त्याचा आतला मदरबोर्ड ओळखत नव्हता. नौमान रोज निरोप पाठवायचा, आज येते, उद्या येते. महिपतची झोप उडाली. कुणी गिऱ्हाईक आलं तर तो त्याच्या मजकुरात चुका काढेना, यावरूनच लोकांनी ओळखलं की माणूस ठिकाणावर नाही. शेवटी पालखी उद्या सकाळी दारी येणार, आणि आज भर दुपारी नौमानची मोटरसायकल गल्लीत शिरली. त्याने खिशातून चंदेरी पिशवीत गुंडाळलेली बोटभर लांब पट्टी काढली.

"एवडीशी?" महिपत म्हणाला.

"एवढीशीच. आता बघा."

नौमानने यंत्र बंद केलं, वायर काढली, आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या लोखंडाला हात लावून क्षणभर थांबला. अंगातली वीज उतरवायची असते. महिपतला वाटलं, हाही नमस्कार करतो. त्याला नौमानविषयी एकदम आपुलकी वाटली.

पट्टी स्लॉटमध्ये उभी केली, दाबली. एका बाजूचा खटका 'खट्' करून मिटला. दुसऱ्या बाजूचा मिटेना. नौमानने अंगठ्याने जोर दिला, तरी खटका उघडाच. तसंच यंत्र चालू केलं, तर पडदा काळा आणि आतून नुसतं पीं पीं.

"ओरडतंय कशाला?" आवडीने दारातून विचारलं. ती छापलेल्या पत्रिका दोरीवर टाकायला मदत म्हणून आली होती, आणि खुर्ची नसल्याने उंबऱ्यावर बसली होती.

"पट्टी नीट बसली नाही, काकी. टेन्शन नको." नौमानने खोडरबर मागून घेतलं, पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या, फुंकर मारली, पुन्हा बसवली. पीं पीं. मग जुनी पट्टी काढून तिच्या जागी नवी लावली. यंत्र निमूट चालू झालं. "म्हणजे पट्टी चांगली आहे. बिघाड दुसऱ्या स्लॉटचा आहे."

"मग ही एकटीच चालव," महिपत म्हणाला.

"एकटी म्हणजे परत तेवढंच टेबल, काका. दोन्ही पाहिजेत."

बाहेर ऊन गल्लीच्या भिंतीवर चढायला लागलं होतं. ते छपरापलीकडे गेलं की आजची जाळी तयार होणार नव्हती, आणि उद्या सकाळी पालखी. महिपत एकदा उन्हाकडे बघायचा, एकदा स्लॉटकडे.

नौमानने डबा आडवा केला आणि बॅटरी लावली. "आत काही सांडलं होतं का? चहा वगैरे?"

"छे! आमी आत बगत पन नाय," महिपत म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला.

"आणि हा लाल डाग कसला?"

"तो व्हय? तो कंपनीतनंच आला आसंल."

निशिगंधा बापाकडे बघत राहिली. "बाबा," ती एवढंच म्हणाली.

महिपतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लपवण्यात अर्थ नव्हता. "कुंकू हाय ते," तो खालमानेने म्हणाला. "दसऱ्याला लावतो. अक्षता पन टाकतो. आत."

"आत?" नौमानचा आवाज चढला. "मदरबोर्डवर?"

"तो बोर्ड हाय का काय हाय, मला काय म्हायती? यंत्राची पूजा करतो. तू पन तर आत्ता हात लावलास नं आदी!"

आपण हात कशासाठी लावला ते नौमान सांगायला गेला, आणि मधेच त्याला हसू फुटलं. तो हसतच डब्यावर वाकला. बॅटरी त्या मिटत नसलेल्या खटक्याखाली धरली. "काकी, इकडे या. बघा तुमच्या माणसाची करामत."

खटक्याच्या फटीत, पार तळाशी, तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकवाने लाल झालेला, अख्खा.

नौमानच्या स्क्रूड्रायव्हरने तो निघेना. टोक जाड होतं, दाणा आणखी आत जायला लागला. तेव्हा महिपत उठला. कोनाड्यातून खिळे उचलायचा जुना चिमटा घेतला. ट्रेडल गेल्यापासून तो चिमटा फक्त पायातले काटे काढायच्या कामाला होता. महिपतने श्वास धरला आणि दाणा अलगद उचलून तळहातावर घेतला.

"दुबईला मी कॉम्प्युटरात वाळू बघितली, झुरळं बघितली," नौमान म्हणाला. "अक्षता पहिल्यांदाच बघितली. टाका ती बाहेर."

महिपतने टाकली नाही. हा दाणा निशिगंधाच्या हातचा होता. कुठल्या तरी दसऱ्याला, नव्या ड्रेसची किंवा नव्या ओढणीची मिजास करत, "टाकू का बाबा?" म्हणून तिने चिमूट सोडली होती. पुढच्या दसऱ्याला ती पाचाडला असेल. हे त्याला लग्न ठरल्यापासून ठाऊक होतं. तरी इतके दिवस तो वेलबुट्टी, भावकी, पालखी, मेमरी, नाना गोष्टींची काळजी करत बसला होता, आणि जिची करायची ती नेमकी बाजूला ठेवली होती. आता ती तळहातावर आली तेव्हा त्याने मूठ मिटली.

"बाबा, ऊन चाललं," निशिगंधा म्हणाली.

त्याने ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यात दाणा गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

या खेपेला दोन्ही खटके मिटले. यंत्र ओरडलं नाही. पडद्यावर मेमरीचे आकडे भराभर चढत पूर्वीच्या जागेच्या पुढे निघून गेले आणि नौमानने टाळी वाजवली. निशिगंधाने पत्रिका उघडली. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. चौथा लावताना आवडीनेही उंबऱ्यावरून मान उंच केली. वाळूचं घड्याळ आलं, थोडं रेंगाळलं, आणि गेलं. चारी बाजूंनी मोगरा.

ट्रेसिंग निघालं तेव्हा गल्लीत ऊन उरलं नव्हतं. महिपत काळ्या फडक्यात जाळी गुंडाळून पळत सुटला. एसटी स्टँडच्या पलीकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर अजून ऊन होतं. तिथे त्याने जाळी धरली आणि पुटपुटत मनाशी वेळ मोजू लागला. महाबळेश्वरच्या गाडीचा कंडक्टर ओरडला, "महिपतशेट, सूर्याला काय फोटो दाखवताव?" महिपत मोजतच राहिला. बोललं की मोजणं चुकतं. उतारू गोळा झाले, गाडी तशीच थांबली. परत येऊन जाळीवर पाणी मारलं, तर पानाची शीर न् शीर मोकळी झाली होती. मग दिवस मावळेपर्यंत महिपतने शाई ओढली, निशिगंधाने कागद लावले, आवडीने दोरीवर टाकले. नौमान कशासाठीही न थांबता निघणार होता, तोही कोरे कागद मोजून देत बसला.

सकाळी कापड्याला ढोल वाजले, पालखी अंगणात आली, आणि महिपतने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. मग भावकीच्या हातात. महिपतच्या आत्याचाही एक मुंबईवाला जावई होताच; तो पत्रिका हातात घेऊन पहिलं आपलं नाव शोधायला लागला. ते वरच होतं. त्याने मान डोलावली. थोरल्या चुलत्याने वेलबुट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही मी बगितलीय रे कुटंतरी." महिपत फक्त आवडीकडे बघून हसला. तीही हसली, पण पदर तोंडाला लावून, कारण पाहुणे होते.

लग्न कापड्यालाच झालं. मांडवात माणूस मावत नव्हता. नौमान महिपतच्या शेजारीच उभा होता, मुठीत अक्षता घेऊन. अंतरपाटाच्या एका बाजूला जितेश मान खाली घालून हसत होता, दुसऱ्या बाजूला निशिगंधा. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला अक्षतांचा पाऊस पडत होता. महिपतने खिशातली पुडी सोडवून तो लाल दाणा बोटांत धरला होता. ताटातल्या अक्षता तो डाव्या हाताने टाकत होता. उजवी चिमूट काही उघडत नव्हती.

शेवटचं कडवं लागलं. नौमानने हळूच खाली बघितलं, चिमटीतला दाणा ओळखला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"काका, सोडा आता. तो धरून ठेवलात तर खटका मिटणार नाही."

'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, आणि महिपतने चिमूट सोडली. दाणा कुठे पडला ते त्याला दिसलं नाही, कारण त्याच्या चष्म्यापुढे सगळं धूसर झालं होतं. निशिगंधाने केसांतल्या अक्षता झटकत त्याच्याकडे पाहिलं आणि लहानपणी पाहायची तशी भुवया उंचावल्या, टाकल्या का बाबा, असं विचारल्यासारख्या. महिपतने होय म्हणून मान हलवली, चष्मा काढला आणि भर मांडवात, सगळ्या भावकीसमोर, मोठ्याने रडायला लागला.